पायाखालची जमीन

जमीन विकत घेणारा गृहस्थ नेमकें काय विकत घेतो, असा प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं कोणी आम्हांस विचारला असता, तर आम्ही हसलों असतों. जमीन म्हणजे जमीन. तींत विचारण्यासारखें काय आहे? आतां मात्र तो प्रश्न आमच्या घरांत कोणी हसण्यावारी नेत नाहीं.

रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या मूळ गांवाच्या वेशीजवळ एक एकर कातळ विकाऊ निघाला. चौघां भावांच्या एकत्र कुटुंबाचें गांवीं एखादें घर असावें, ही इच्छा जुनीच होती. विकणाऱ्यानें कातळावर पाय आपटून सांगितलें, "घरासाठीं एक चिरा बाहेरून आणावा लागायचा नाहीं. सगळा जांभा तुमच्या पायाखालींच आहे." त्या एका वाक्यावर आमच्या खर्चाचा सारा अंदाज उभा राहिला. कमी पडलेली रक्कम काकूंनीं आपल्या पाटल्या मोडून दिली.

दादांनीं, म्हणजे आमच्या वडील बंधूंनीं, कागदपत्र कसोशीनें तपासले होते. सातबारा, आठ-अ, तीस वर्षांचे फेरफार, चतुःसीमा, वाट; कशांतही उणें नव्हतें. खरेदीखत नोंदलें, नांवें लागलीं आणि दिवाळीनंतर यंत्रानें चिरे कापावयास आरंभ झाला. आठव्या दिवशीं तलाठी आले व परवाना मागूं लागले. "स्वतःच्या जमिनींतला दगड काढावयास परवाना कसला?" दादांनीं विचारलें. तलाठ्यांनीं उत्तर न देतां खड्ड्याची लांबी-रुंदी मोजून पंचनामा केला.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या ४८ व्या कलमान्वयें, भूपृष्ठावर असो वा भूगर्भांत, सर्व खनिजांचा हक्क राज्य शासनाकडे राखलेला आहे. आणि इमारतीचा जांभा गौण खनिजांत मोडतो. परवान्यावांचून तो काढल्यास बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. ही व्यवस्था आजकालची नव्हे. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यांतही बिनदुमाला जमिनींतील खाणींचा हक्क सरकारनें असाच राखून ठेविला होता.

वकिलीचें शिक्षण घेणाऱ्या आमच्या पुतण्यानें एक आशा दाखविली. ८ जुलै २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील मलबारच्या जन्मी जमिनींविषयीं असा निर्णय दिला कीं, कायद्यानें काढून घेतला नसेल, तर भूगर्भाचा हक्क जमिनीच्या मालकाचाच. एक रात्र आम्ही आनंदांत काढली. सकाळीं त्यानेंच 'कायद्यानें काढून घेतला नसेल, तर' या शब्दांवर बोट ठेविलें. आमच्याकडे तो कायदा स्पष्ट शब्दांत उभा होता.

दंड भरला. पण दादा पंक्तीस बसेनासे झाले. "काकूंच्या पाटल्या मीं खड्ड्यांत घातल्या," एवढेंच म्हणत. त्यांस दोष देण्याचा मोह आम्हां धाकट्यांसही झाला नाहीं, असें नाहीं. चौथ्या दिवशीं काकू स्वतः त्यांचें ताट घेऊन ओटीवर गेल्या व म्हणाल्या, "अरे, परवाना मिळतो कीं नाहीं, तेवढें विचारून ये. पाटल्यांचें मागाहून बघूं. मला घर बघायचें आहे."

परवाना मिळाला. अर्ज, मोजणी, ब्रासमागें स्वामित्वधन, सारें रीतसर झालें. घर एका खोलीनें लहान झालें, इतकेंच.

आमच्यासारखे जे कोणी जमीन घेऊं इच्छितात, त्यांनीं खरेदीपूर्वीं तहसील कार्यालयांत व जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांकडे एक चौकशी अवश्य करावी: त्या जमिनीवर कोणास खाणपट्टा दिलेला आहे काय? खनिजासाठीं जमिनींत शिरण्याचा अधिकार शासनास, आणि शासनानें हक्क दिलेल्या पट्टेदारासही असतो. त्यापायीं कब्जेदाराच्या हक्कास बाध आल्यास त्यास मिळते ती नुकसानभरपाई, खनिज नव्हे.

तो पहिला खड्डा आम्हीं माती घालून भरला. तेथें काकूंनीं अनंत लाविला आहे. दादा आतां पंक्तीस बसतात. मात्र कोणी जमीन घेतल्याची वार्ता आणली कीं, "खालचें कोणाचें, तें विचारलें काय?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.