मम्मीची लाँगबुकं

पाळणाघर या शब्दात पाळणा आहे, पण आमच्या घरच्या पाळणाघरात खरा पाळणा एकच, आणि त्यात धुतलेली दुपटी ठेवलेली असतात. मुलं खाली सतरंजीवर नाहीतर मम्मीच्या कमरेवर. आमचा सगळा कारभार चालतो तो वहीवर. दोनशे पानी लाँगबुक, वर तारीख, आणि पट्टीनं आखलेले रकाने. अशा वह्यांचा एक गठ्ठाच आमच्या कपाटावर आहे. बायबल आणि नोव्हेनाची पुस्तकं खालच्या फळीवर आहेत, याबद्दल आमची आजी अजून कुरकुरते.

आम्ही बेळगावात कॅम्पमध्ये राहतो. घरात कोंकणी, गल्लीत मराठी, बाजारात जे लागेल ते. मम्मी मराठी शाळेत शिकली, म्हणून वही मराठीत. मी सातवीत असताना तिनं दोन मुलांवर हे सुरू केलं, आता पाच आहेत. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, म्हणून काही मुलं बरोबर सहा-सात महिन्यांची होऊन आमच्या दारात येतात. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली तर मालकानं पाळणाघराची सोय करायची, असंही त्याच कायद्यात आहे. आमच्याकडे येणाऱ्या आया दुकानात, दवाखान्यात, छोट्या शाळेत काम करतात. तिथं पन्नास माणसं कुठली?

वहीतला एक दिवस साधारण असा असतो: ‘८.५० आली. घरी दूध ७ ला. १०.१० नाचणी अर्धी वाटी, पुढं नको. १०.४० शी, नेहमीसारखी. ११.०५ ते १२.२० झोप. उठून किरकिर. १.०० मऊ भात-वरण, सगळं.’ कोणाला वाटेल, यात काय लिहायचं? पण सात महिन्यांच्या बाळाला सांगता येत नाही. दिवसभरात शू किती वेळा झाली, हे संध्याकाळी नुसतं आठवून सांगितलं तर पाच मुलांची पाच गाठोडी एकत्र होतात. उलट्या-जुलाबाच्या दिवसांत डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, शेवटची शू कधी? म्हणून मम्मी लगेच लिहिते. हात ओला असला तर पेन्सिलनं. रात्रीवर ठेवत नाही.

सकाळी दारातच तिचे तीन प्रश्न ठरलेले. कधी उठलं? काय खाल्लं? औषध काय दिलंय? तिसऱ्या प्रश्नाची एक गोष्ट आहे. मी बारावीला होते, पावसाळा होता, त्यामुळे मी घरीच अभ्यासाला बसलेली. एका मुलाला वडील सोडून गेले, स्कूटर चालूच होती. साडेदहाला त्याचं अंग तापलं. थर्मामीटरवर १०२. तापाचं औषध त्याच्या पिशवीत होतं, चिठ्ठीपण होती. मी म्हटलं, दे की मग. मम्मी वही उघडून बसली. औषधाच्या रकान्यात त्या दिवशी तिनं ‘विचारलं, उत्तर नाही’ असं लिहिलेलं होतं. आईचा फोन लागेना, वडिलांचा लागेना. ती त्याला मांडीवर घेऊन कोमट पाण्यानं पुसत राहिली आणि मला दर दहा मिनिटांनी फोन लावायला सांगत राहिली. शेवटी सव्वाअकराला आईचा फोन आला. घरून निघताना, पावणेनऊला, एक डोस दिलेला होता. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर लागतं. साडेदहाला दिलं असतं तर पावणेदोन तासांत दुसरा डोस झाला असता. ते उत्तर नसलेलं उत्तर तिनं लिहून ठेवलं होतं म्हणून तिचा हात थांबला. तेव्हापासून उत्तर मिळाल्याशिवाय ती मूल हातात घेत नाही. स्कूटर बंद करायला लावते. एक-दोन पालकांना हे फार लागलं. लागू दे.

चार वाजताचा निरोप हे माझं खातं. नववीपासून मी वहीतलं वाचून प्रत्येक पालकाला व्हॉट्सॲपवर लिहिते, कोणाला मराठीत, कोणाला इंग्रजीत. एका मुलीची आजी कन्नड, तिला मेसेज चालत नाही. ती फोनच करते, ‘ऊट आतेन री?’ म्हणून, आणि मम्मी आपल्या मोडक्या कन्नडमध्ये वाटी-वाटीचा हिशोब देते. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून सांगते, भाषांतराचा पेपर मला सोपा गेला तो या खात्यामुळे. मम्मीच्या वहीत किरकिर, रड, भोकाड आणि ‘नुसतं तोंड वाकडं’ या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. इंग्रजीत मी चारही ठिकाणी ‘क्रँकी’ लिहायला लागले तेव्हा एक आई घाबरून अर्धा दिवस रजा टाकून आली. मूल झोपलेलं. नंतर मी त्या आईला किरकिर हा शब्दच शिकवला. ती तमिळ आहे, आता स्वतः वापरते.

माझी मावशी इंग्लंडात, स्विंडनला असते. गोव्याकडची पुष्कळ माणसं तिथं आहेत. तीही घरात मुलं सांभाळते, पण तिथं त्यासाठी सरकारदरबारी नोंदणी लागते, तपासणी होते, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पाच वर्षांखालची साधारण तीनच मुलं ठेवता येतात. औषध द्यायला पालकांची लेखी परवानगी, दिलं की नोंद, आणि त्याच दिवशी कळवणं, हा तिथला नियम आहे. पडलं-लागलं तरी तसंच. आमच्या घरी आजवर कोणी तपासायला आलं नाही. मावशी एकदा व्हिडिओ कॉलवर मम्मीची वही बघून म्हणाली, ‘मला विचारतात म्हणून मी लिहिते, तुला कोण विचारतं?’ मम्मी म्हणाली, ‘सहा वाजता विचारतात की दारात.’

पण सगळंच सांगायचं का, यावर आमचं दोघींचं जमत नाही. एका मुलानं दुसऱ्याला चावलं तर वहीत दोन्ही नावं असतात, निरोपात फक्त ‘दुसऱ्या मुलानं’. हे मला पटतं, बेळगाव लहान आहे, आया बाजारात एकमेकींना भेटतात. फोटोतही दुसरं मूल दिसायला नको, म्हणून मी कापूनच पाठवते. मला पटत नाही ते पहिल्या पावलांचं. मूल आमच्याकडे पहिल्यांदा चाललं की मम्मी निरोपात लिहायला लावते, ‘आज धरून छान उभा होता, घरी लक्ष ठेवा.’ दोन दिवसांत आईचा आनंदानं फोन येतो, चालला! आणि मम्मी म्हणते, ‘हो काय? अरे वा!’ मी म्हणायची, कन्फेशनला जाताना हे सांगतेस का? ती म्हणायची, ‘मी नाही चालला असं कुठं म्हटलं?’ मला हे अजून बरोबर वाटत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला खरं झेपणार नाही, असं आपण तिच्या वतीनं का ठरवायचं?

यंदा मे महिन्यात एक मुलगा आमच्याकडून नर्सरीला गेला. अडीच वर्षं होता. त्याच्या आईनं वही मागितली. वही देता येत नव्हती, बाकीच्या चौघांचंही सगळं त्यात. तेव्हा त्याच्या तेवढ्या ओळी वेगळ्या वहीत उतरवून द्यायचं ठरलं आणि सुट्टीतले अकरा दिवस मी तेच केलं. मऊ भात, शी, झोप, मऊ भात. तेरा महिन्यांच्या पानावर आले तर लिहिलेलं, ‘३.४० चार पावलं, खिडकीपासून माझ्यापर्यंत. बसला. हसला.’ त्या दिवशीचा माझ्या फोनमधला निरोप काढून बघितला. ‘धरून छान उभा होता.’

मम्मी कुकर लावत होती. मी विचारलं, हे उतरवू की सोडू? तिनं शिट्टी बसवली, हात पुसले, चष्मा लावून ती ओळ वाचली. मग म्हणाली, ‘वहीत आहे ते लिही. वहीत काय खोटं नाही.’

त्याची आई वही न्यायला आली तेव्हा दारातच उभी राहून पानं उलटत होती. त्या पानावर थांबली. तारीख बघितली. मला वाटलं आता विचारणार, तेव्हा का नाही सांगितलं. मम्मीनंही पदर सारखा केला. पण तिनं विचारलं ते एवढंच, ‘आँटी, खिडकी कुठली?’

मम्मीनं तिला आत नेलं आणि दाखवली.