रिव्हर्स घे, सावकाश!

शनिवारची रात्र. मैत्रिणी बाणेरच्या कुठल्याशा नव्या कॅफेत, आणि मी? मी शंभर किलोमीटर उंचीवर, सेकंदाला सव्वादोन किलोमीटर वेगाने भिरभिरत एका डब्याला दुसरा डबा जोडायच्या खटपटीत! अर्थात पायजम्यात, शेजारी चिवड्याची वाटी ठेवून.

घाबरू नका, गेमबद्दल बोलतेय. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम'. मेक्सिकोतल्या एका कंपनीने तो २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आणला आणि २०१५ मध्ये पूर्ण केला. हिरवे, बटबटीत डोळ्यांचे, बुटके अंतराळवीर बघून वाटतं, चला, पोरखेळ आहे. पण आतलं भौतिकशास्त्र भलतंच कडक. माझी पहिली अकरा रॉकेट्स आडवी झाली. ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही.

तरी मला हवं होतं स्वतःचं स्पेस स्टेशन. तेही पाच डब्यांचं, कारण इस्रोच्या भारतीय अंतरिक्ष स्थानकाचं चित्र पाहिलं होतं आणि त्यालाही पाच मॉड्यूल्स आहेत. त्यांचं पहिलं २०२८ मध्ये आणि सगळं मिळून २०३५ पर्यंत, असा बेत आहे. म्हटलं, आपण आधी उरकून टाकू!

स्टेशन अख्खं एकदम वर नेता येत नाही. रॉकेटला पेलेल तेवढा एकेक डबा पाठवायचा आणि वर जोडायचा. खऱ्या आंतरराष्ट्रीय स्थानकाचंही तेच. 'झार्या' हा पहिला डबा नोव्हेंबर १९९८ मध्ये रशियन रॉकेटवर गेला, आणि दोन आठवड्यांनी 'युनिटी' अमेरिकन शटलमधून. दोघांची पहिली गाठ थेट अंतराळात पडली. ॲरेंज्ड मॅरेजच म्हणा ना! आज त्या पसाऱ्याचं वजन चारशे टनांच्या वर आहे.

माझा पहिला डबा नीट कक्षेत बसला. दुसरा त्याच कक्षेत, थोडा मागे. आता पुढच्याला गाठायचं तर काय कराल? ॲक्सिलरेटर! मीही तेच केलं, आणि अंतर वाढतच गेलं. कारण वेग वाढवला की तुमची कक्षा उंच होते, फेरी लांबते आणि तुम्ही आणखी मागे पडता. पुढच्याला गाठायचं असेल तर ब्रेक मारायचा, खाली उतरायचं. खालची फेरी लवकर संपते, मग तुम्ही आपोआप पुढे सरकता. हे वाचून लाज थोडी कमी झाली, की जून १९६५ मध्ये जेमिनी-४ च्या जेम्स मॅकडिव्हिटनेही आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याकडे नाक करून इंजिन चालवलं होतं. इंधन खर्च होत गेलं, टप्पा काही हाती लागला नाही.

हे गणित जमलं, तरी डबे जुळेनात. डॉकिंग पोर्ट पोर्टला टेकायचं, घासायचं आणि अलगद दूर जायचं. आठवडाभर हेच. लॅपटॉप बॅगेत टाकून मी येळवसीला गावी गेले.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिव-लातूरकडे त्या दिवशी गावात चिटपाखरू सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, मडक्यातली आंबील. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला आली. कळंब तालुक्यातल्या आमच्या रानात आई, वहिनी, पोरं, पाहुणे सगळे होते. दादाही होता, पण आमचं बोलणं 'आंबील दे', 'मीठ घे' एवढंच.

कारण सांगते. नाना गेल्यावर सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली. वर्षभराने दादाने हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. 'सगळ्या बहिणी करतात.' पीककर्जासाठी दरवेळी माझी सही लागते, मी पुण्यात, रजा मिळत नाही, हे सगळं खरंच होतं. मला जमीन विकायची नव्हती, कसायची तर नव्हतीच. पण नानांच्या जागी लागलेलं माझं नाव मी स्वतः जाऊन पुसायचं? कायद्याने दिलंय ते? 'बघते' म्हणाले आणि कागद पुण्याच्या कपाटात टाकला. तेव्हापासून अबोला.

त्या रात्री दहाला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही उडालं. इस्रोची 'स्पेडेक्स' मोहीम. सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह, वर नेऊन एकमेकांना जोडून बघायचे. ओट्यावर बसून मोबाइलवर मी ते पाहिलं आणि जोश येऊन लॅपटॉप उघडला. दादा जागाच होता. मोटारीला बाराची लाईट होती, उसाला पाणी द्यायचं होतं. येरझारा घालता घालता मागे येऊन थांबला.

"काय करायलीस?"

"डबा जोडायलेय." पुण्यात मी 'करतेय' म्हणते. तिथे जीभ आपोआप वळते.

तो बराच वेळ बघत राहिला. गाळप हंगामात दिवसाला चार वेळा ट्रॅक्टर मागे घेऊन ट्रॉलीच्या दांड्याशी भिडवणारा माणूस! "एवढ्या जोरात? शेवटच्या वीतभराला क्लचवर घ्यायचं असतंय." मी वेग सेकंदाला वीस सेंटिमीटरवर आणला. पोर्टला पोर्ट टेकलं, आणि पुन्हा निसटलं. मग त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "अगं, ह्याचं तोंड आत हाय. उलटं बसवलंस की!"

खरंच की! कारखान्यात डबा बांधतानाच मी पोर्ट उलटं लावलं होतं. आठवडाभर मी आपली वरच्या कक्षेला शिव्या देत होते, आणि चूक खाली जमिनीवर झालेली.

पोर्ट सरळ करून डबा पुन्हा उडवला. मधे बाराला लाईट आली, दादा मोटार टाकून, चिखलाचे पाय घेऊन परत आला. दीडच्या सुमारास दोन्ही पोर्टची चुंबकं एकमेकांना ओढू लागली आणि... जोडलं! दोघेही ओरडलो, आई उठून बसली.

लॅपटॉप मिटताना तो म्हणाला, "कर्जाच्या सहीपायी म्हणलो होतो. तुला काढून टाकायचं नव्हतं." मी म्हटलं, "कागदाचा अर्थ तोच होतो, दादा." तो काही बोलला नाही. तसाच बॅटरी घेऊन पाणी बघायला गेला.

१२ जानेवारीला त्याचा फोन, आपण होऊन, कितीतरी महिन्यांनी पहिला. "तीन मीटरवर येऊन माघारी फिरले की गं हे!" चाचणी होती ती, मुद्दामच मागे घेतलं, हे त्याला समजावलं. १६ जानेवारी २०२५ ला दोन्ही उपग्रह जुळले, तेव्हा त्याने फक्त अंगठा पाठवला.

मे महिन्यात जाऊन पीककर्जाच्या संमतीवर सही करून आले. हक्कसोडपत्र अजून कपाटातच आहे. त्याने विचारलेलं नाही, मी काढलेलं नाही. वहिनी मात्र अजून तुटक बोलते, आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते.

स्टेशनचे चार डबे झालेत. चौथ्यानंतर अख्खं प्रकरण शेवयांसारखं डुलायला लागलं, त्याला जागोजागी आधार द्यावे लागले. पाचवा उडवायच्या आधी पोर्टचा फोटो दादाला पाठवते म्हटलं होतं. परवा पाठवला. रात्री पावणेबाराला, म्हणजे लाईटीची वाट बघत बसलेला असताना, उत्तर आलं : 'एकच बाजू दिसायलीय. दुसरी पाठव.'