डोळ्यांतील पाणी

अश्रू म्हणजे केवळ खारे पाणी, असा समज रूढ आहे. वस्तुतः बुबुळावर त्यांचे तीन पदरी पटल असते : तळाशी चिकट श्लेष्म, मध्ये क्षारयुक्त पाणी आणि वर पापण्यांतील ग्रंथींचे तेल. पाण्यातील लायसोझाइम कित्येक जंतूंचे कवच फोडते. १९२२ साली त्याचा शोध जाहीर करणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अश्रू मिळावेत म्हणून सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस घातला होता ! तेल उणे पडले की पाणी लवकर उडून जाते, डोळा खुपतो आणि अश्रुग्रंथी पाण्याचा लोंढा सोडते. म्हणजे डोळा वाहतो तो कोरडा पडल्यामुळे.

तापी जेथे समुद्रास मिळते त्या हजीऱ्याच्या वाऱ्यात आमच्या मातोश्रींचे डोळे असेच पाझरत. शेजारणी म्हणत, ‘खानदेशाच्या आठवणीने रडतात.’ नेत्रवैद्यांनी उबदार फडक्याचा शेक व थेंब सांगितले, पाझर थांबला. पुढे नातीच्या पाठवणीस त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा कारण कोणास विचारावे लागले नाही.