मामाजी, चेकनट खोलू नका

प्रिय मामाजी,

काल फोनवर म्हणालात, "लेथ खडखडून राह्यला, बेअरिंगच बदलून टाकतो." रात्रभर तेच डोक्यात. बेअरिंगला पाना लावायच्या आधी सायकलचा छर्रा घ्या ना! विसरलात?

नेरच्या त्या टिनाच्या शेडात तुम्हीच तो छर्रा ग्रीस लावून लीड स्क्रूच्या टोकाच्या सेंटरमध्ये चिकटवायचे आणि वर डायल गेज टेकवायचे. हँडल मागेपुढे हलवलं आणि काटा हलला, तर स्क्रूच सरकतोय, दोष बेअरिंगचा. काटा जागेवर आणि कॅरेज उशिरा निघतं, तर नट झिजला. हाताला दोन्ही सारखंच लागतं. नववीतल्या पोट्ट्याकडून काटा वाचून घेणारे तुम्ही, आता अंदाजावर चाललात? की काटा दिसत नाही आता? खरं सांगा.

तुमच्यावर माझा एक राग अजून आहे. आयटीआय करून आलो तेव्हा फार शहाणा झालो होतो. स्क्रूच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर घातले, बाहेरून कव्हर करकचून आवळले. तुम्ही बाकड्यावर चहा पीत बघत होता! मे महिना. तासाभरात पट्टा किंचाळायला लागला. बेअरिंग तापलं, स्क्रू तापून वाढला, त्याने बेअरिंग आणखी आवळलं. तेव्हा कुठे बोललात, "काऊन रे, लोखंड वाढते हे नाही शिकवलं तिथं?"

मीटरभराचा स्क्रू बेडपेक्षा 10 अंश जास्त तापला तर 0.12 मिलिमीटरच्या आसपास वाढतो. मग हँडलकडचं टोक 7202 बेअरिंगच्या जोडीने, पाठीला पाठ लावून धरलं. दुसरीकडे साधं 6202, घरात सरकेल असं. दोन टेपर रोलर वाया गेले, तेही उधारीचे. आधी सांगायला काय जात होतं?

वेल्डिंगने ओढलेल्या फ्रेमवर बेअरिंगचे दोन्ही ब्लॉक सरळ कसे बसवले, आठवतं? दोन्ही एकत्र धरून एकदाच बोअर केले. मग कॅरेज एका ब्लॉकजवळ नेऊन त्याचे बोल्ट कसले, दुसऱ्याजवळ नेऊन त्याचे. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी नावाच्या माणसाने भंगारातलं ॲल्युमिनियम ओतून लेथ करायची पुस्तकं लिहिली. ती वाचताना सारखं वाटायचं, हा नेरला येऊन गेला की काय. इथे चाकणला बॉल स्क्रू तेलकट कागदात गुंडाळून येतो, ब्लॉकसकट. पण बोल्ट मी तुमच्याच क्रमाने कसतो. कोणी विचारलं की सांगतो, मामाजींची पद्धत आहे.

मला वाटतं, नटच झिजला असेल. दोन नटांच्या मधे दाढीच्या ब्लेडचा तुकडा सारा, दशांश मिलिमीटरचा असतो. मग कॅरेज पार टोकापर्यंत फिरवून पाहा. स्क्रू मधेच जास्त झिजलेला असतो, टोकाला आवळेल. ब्लेड नवं घ्या, नाहीतर मामी माझ्याच नावाने ओरडेल.

आणि काटा वाचायला शेजारचा एखादा पोट्टा बसवा. पोळ्याला येतो, तोवर बेअरिंगच्या चेकनटला हात नको. त्या पोट्ट्याने दोन्ही टोकं आवळली तर आवळू द्या. फक्त बेअरिंग उधारीने आणू नका.

तुमचा भाचा