सुगरणीचे खाते

पनवेलच्या एका शाळेत नववीत शिकणाऱ्या मुलीला मराठीच्या घटक चाचणीत चार गुणांच्या एका प्रश्नाला शून्य मिळाले. प्रश्न बहिणाबाई चौधरी यांच्या सुगरणीच्या खोप्यावरील कवितेच्या रसग्रहणाचा होता. वर्गात लिहून दिलेले उत्तर तिला तोंडपाठ होते. तरीही तिने ते लिहिले नाही. तिने लिहिले की या कवितेतील माहिती चुकीची आहे, खोपा सुगरणीची मादी विणत नाही, नर विणतो, आणि हे आपण स्वतः पाहिले आहे. बाईंनी लाल शाईने शेरा मारला होता, ‘विज्ञानाचा पेपर वेगळा असतो.’

गुण गेल्याचे दुःख तिला फारसे नव्हते. खरे लिहिल्याबद्दल शिक्षा झाली, ही गोष्ट मात्र तिच्या मनाला लागली.

तसे वाटण्यास कारणही होते. शालेय विज्ञान प्रकल्प म्हटले की खाण्याच्या सोड्याचा ज्वालामुखी किंवा पुठ्ठ्याची पवनचक्की, आणि तीही बहुधा आदल्या रात्री वडिलांनी चिकटवलेली, हा आपल्याकडचा रिवाज. या मुलीने तसे केले नाही. तिच्या घरचा धान्याचा व्यापार जुना. पनवेलच्या बाजारपेठेत भाताच्या गाड्या उतरत त्या काळापासूनचा. नेरे गावच्या बाजूला राहणारा एक शेतकरी दोन पिढ्या त्यांच्याच दुकानी भात घालत आला आहे. त्याच्या शेतातील विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आहे आणि तिच्या फांद्यांना दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. जूनअखेरीपासून दर रविवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर ती पप्पांच्या स्कूटरवरून तिथे जाई, तासभर बांधावर बसे आणि वहीत नोंद करी. तारीख, वेळ, पाऊस, विणणारे पक्षी, पाहणी करणारे पक्षी, असे रकाने तिने स्वतःच आखले होते.

विणीच्या हंगामात नराचा माथा आणि छाती हळदीसारखी पिवळी होते. मादी मात्र चिमणीसारखी तपकिरीच राहते. त्यामुळे कोण काय करीत आहे हे लांबूनही कळते. नर भाताच्या पातीला बुडाशी चोचीने खाच पाडतो, टोक धरून उडतो आणि लांब धागा सोलून नेतो. असे शेकडो फेरे होतात. खोपा अर्धा झाला की तो उलट्या टोपासारखा दिसतो, आणि इथे नर थांबतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीने ओढून पाहतात आणि बहुतेक वेळा निघून जातात. एखादीने पसंत केला तरच पुढे अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी विणली जाते. नापसंत खोपे तसेच लोंबत राहतात. हे ऐकून पप्पा म्हणाले होते, “म्हणजे विसार मिळाल्याशिवाय पुढचा माल लावत नाही. शहाणा आहे.” दुकानातील लोक त्यावर दिवसभर हसत होते.

ही माहिती नवी नव्हे, आणि ती मिळाली तीही पनवेलपासून फार दूर नव्हे. बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेल्या सलीम अली यांच्या हाती १९३० साली नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथल्या पावसाळ्यात त्यांनी सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. एकच नर एकामागून एक खोपे बांधतो आणि प्रत्येक खोप्यात वेगळ्या मादीचा संसार असतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा लेख १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्याच जिल्ह्यात, बिनपगारी दिवसांत, एक माणूस झाडाकडे पाहत बसला होता, हे मुलीला फार आवडले होते. तिच्या प्रकल्पाचे पहिले पान सलीम अलींनाच वाहिलेले होते.

प्रदर्शनात टेबलावर ठेवायला दोनचार खोपे तोडून आणावेत, अशी सूचना तिला अनेकांनी केली. तिने मान्य केली नाही. घरच्या संस्कारात त्याला जागा नव्हतीच, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्ष्यांच्या घरट्यांना हात लावणे हा गुन्हाही आहे. तिने कागदाच्या पट्ट्या विणून खोपा केला. तो काही फारसा साधला नाही. माणसाला दोन हात असूनही चोचीचे काम जमत नाही, एवढे त्यातून सिद्ध झाले.

उत्तरपत्रिका घरी आली त्या संध्याकाळी दादीने ती पाहायला मागितली. दादींचे माहेर जळगाव जिल्ह्यातले. शिक्षण चौथीपर्यंत, पण बहिणाबाईंची गाणी त्यांना पुस्तकातून नव्हे, शेजारच्या लेवा पाटील बायकांच्या तोंडून ठाऊक झालेली. बहिणाबाई स्वतः निरक्षर होत्या. जात्यावर आणि शेतात सुचलेल्या त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवल्या, आणि १९५१ साली त्या गेल्यानंतर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक निघाले. दादींना यातले सनावळे माहीत नसतील, चाली मात्र सगळ्या माहीत होत्या.

“स्वतः पाहिलं म्हणतेस, तर वही दाखव,” दादी म्हणाल्या.

मुलीने प्रकल्पाची सुवाच्य प्रत पुढे ठेवली. दादींनी चष्मा लावला आणि चित्रांकडे न पाहता तारखांच्या रकान्यावरून बोट खाली नेले. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसाचे बोट आधी तारखेवरच जाते. जुलैतील एका गुरुवारपाशी ते थांबले.

“या दिवशी तर गाढी नदीला पूर होता. दुकान दुपारीच बंद केलं होतं. तू नेऱ्याला कशी गेलीस?”

मुलगी गप्प राहिली. त्या दिवशी ती गेलीच नव्हती. रकाना रिकामा दिसू नये म्हणून तिने आधीच्या रविवारवरून अंदाज केला होता आणि लिहिले होते, ‘दोन नर विणताना दिसले. एक मादी पाहणी करून गेली.’ वाक्य अगदी शक्य कोटीतले होते. कोणत्याही परीक्षकाच्या ते ध्यानात आले नसते.

“एवढंसंच तर आहे, दादी,” ती अखेर म्हणाली. “आणि कवितेत सगळंच खोटं लिहिलंय, ते तुम्हाला चालतं.”

हा प्रश्न उर्मटपणे विचारला गेला, तरी खोटा नव्हता. शाळेत विज्ञान आणि साहित्य शेजारच्या तासांना शिकवतात. पण एका तासाला जे चूक ते दुसऱ्या तासाला सुंदर कसे ठरते, हे कोणी समजावून सांगत नाही. मुलेही विचारत नाहीत. ज्या वयात विचारायचे त्या वयात ती मार्गदर्शकातील उत्तरे पाठ करीत असतात.

दादी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कीर्द आणि खतावणी यांत फरक काय?”

व्यापाऱ्याच्या घरातील मुलीला हे सांगता आले. कीर्दीत रोजचा व्यवहार ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने लिहायचा. खतावणीत तोच व्यवहार ज्याच्या नावाचा त्याच्या पानावर न्यायचा.

“तुझी वही ही कीर्द आहे. तिथं न घडलेलं लिहिलं की पुढची सगळी वही नासते. बहिणाबाईनं कीर्द लिहिलीच नाही. तिनं खतावणी लिहिली. पाखराचं काम तिनं बाईच्या खात्यावर नेलं. का नेलं, ते विचारायचं सोडून तू तिला खोटी ठरवलीस.”

“पण काम नराने केले तर ते त्याच्याच खात्यावर पडायला नको?”

“पडायला पाहिजे ना. म्हणूनच सांगते. माणसांत घर कोण विणतं, आणि खात्यावर कोणाच्या पडतं?”

दुकानाच्या पाटीवर आजही दादाजींचे नाव आहे. ते गेले तेव्हा मुलीचे पप्पा सात वर्षांचे होते. त्यानंतर बारा वर्षे गल्ल्यावर दादी बसल्या, भाताची खरेदी त्यांनी केली, उधारी त्यांनी वसूल केली, रोजमेळ रात्री त्यांनीच जुळवला. घरात ‘दादाजींचे दुकान’ हाच शब्द रूढ आहे, आणि तो सर्वांत अधिक दादीच वापरतात. बहिणाबाईसुद्धा तरुणपणीच विधवा झाल्या आणि शेतात राबून त्यांनी मुले वाढवली. हे वर्गातल्या कवयित्री-परिचयात दोन ओळींत येऊन गेले होते. त्या दोन ओळी परीक्षेत येत नाहीत म्हणून कोणी वाचत नाही. त्या रात्री मुलीने त्या वाचल्या. ‘सुगरण’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आले. पाखराची कारागिरी बाईच्या नावे लिहिण्याचे काम बहिणाबाईंच्या कितीतरी आधी भाषेनेच करून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी ती खोडरबर घेऊन बसली, तेव्हा दादींनी तो काढून घेतला. वहीतील चुकीची रक्कम खोडत नाहीत; खालचे वाचता येईल अशी एक रेघ मारतात आणि शेजारी सही करतात. मुलीने सुवाच्य प्रतीतील त्या गुरुवारवर रेघ मारली आणि बाजूला लिहिले, ‘पुरामुळे गेले नाही. आधीची नोंद अंदाजाने केली होती.’ विज्ञानाच्या सरांनी, इतके स्पष्ट लिहायची गरज नव्हती, पान बदलून घे, असे सुचवले. तिने पान बदलले नाही. पुढे डिसेंबरात प्रकल्पाची तालुक्याला निवड झाली नाही. ती त्या पानामुळे की कागदाच्या वाकड्या खोप्यामुळे, हे कळण्यास मार्ग नाही.

रसग्रहण तिने पुन्हा लिहिले, चाचणीसाठी नव्हे, वहीच्या मागच्या पानावर. त्यात नर खोपा विणतो हे वाक्य तिने कायम ठेवले. त्याच्याखाली दादीचे नाव न घेता दुकानाच्या पाटीविषयी लिहिले. ते लिखाण चांगले उतरले की नाही, हे तिलाच ठरवता येईना.

पर्युषणानंतरच्या रविवारी दादी स्वतः म्हणाल्या, “मला ते झाड बघायचंय.” पावसाळ्यात हिरव्या गवतावर पाय द्यायला त्या तयार नसतात, म्हणून रिक्षा विहिरीच्या शक्य तितकी जवळ नेली आणि त्या मुरमाच्या वाटेवरच उभ्या राहिल्या. भात पोटरीला आले होते. बाभळीच्या खालच्या फांदीवरील एका खोप्यातून पिलांचा कलकलाट येत होता आणि तपकिरी मादी चोचीत किडा धरून नळीतून वर शिरत होती, बाहेर येत होती, पुन्हा उडून जात होती. वरच्या फांदीवर तोच पिवळ्या माथ्याचा नर, किंवा कदाचित त्याच्यासारखाच दुसरा, नव्या खोप्याला गाठी मारीत होता.

मुलीने हलक्या आवाजात समजावले, “बघा, विणतोय तो नर. एकदा ही अंड्यांवर बसली की तो पुढच्या खोप्याला लागतो. अंडी उबवणे, पिलांना भरवणे, बहुतेक हिच्याचकडे.”

दादी बराच वेळ पाहत राहिल्या. मादी दोनदा येऊन गेली.

“विणू दे त्याला,” त्या म्हणाल्या. “छान विणतो.”

मग त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि किती वाजले ते विचारले. सूर्यास्ताला तास उरला होता. जेवण व्हायचे होते. रिक्षा वळेपर्यंत मुलीने वहीत तारीख घातली आणि ‘पाहणी करणारे’ या रकान्यात, क्षणभर थांबून, एकचा आकडा लिहिला.