तलाकोलुलाचा रविवार

मेक्सिकोतल्या वाहाका शहरापासून तीसेक किलोमीटरवर तलाकोलुला हे गाव आहे. तिथला बाजार रविवारचा. आसपासच्या खेड्यांतल्या झापोटेक बायका फुलाफुलांचे एप्रन बांधून माल घेऊन येतात. बरेच पर्यटक सकाळी फोटो काढून दुपार व्हायच्या आत निघून जातात, याचं मला वाईट वाटतं. इथलं मुख्य जेवण दोनच्या पुढे सुरू होतं.

आम्ही थांबलो. तोवर पोटाला आधार तेहाते या पेयाचा. भाजलेला कोको, राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, मामे फळाची बी आणि एक सुगंधी फूल वाटून केलेला गोळा मोठ्या मातीच्या पातेल्यात पाण्याबरोबर कालवतात. बाई कोपरापर्यंत हात घालून कालवत होती, मग उंचावरून पाणी सोडत होती. वर दाट पांढरा फेस चढला. तो फेस प्रत्येकाच्या वाट्याला नीट यावा म्हणून तिची चाललेली काळजी बघत राहावी अशी होती. प्यायला रंगवलेला तुंबा.

मंडईत मटणाच्या गल्लीत कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या असतात. कसायाकडून तिखट लावलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप घ्यायचे, पुढच्या बाईकडून पातीचे कांदे आणि मिरच्या, आणि शेगडीवर आपलं आपण भाजायचं. शेजारी भाजत असलेल्या एका आजींनी माझा काप काही न बोलता उलटला, मिरच्या कडेला सरकवल्या आणि पुन्हा आपल्या कामाला लागल्या. टोपलीतून फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया आल्या, लिंबू आलं. बाकावर जागा करून देणारे, उठून जाणारे, सगळे अनोळखी लोक आम्हाला ‘प्रोवेचो’ म्हणत होते. सावकाश होऊ द्या, असंच ते. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली. तिच्या मूळ मुलखात, ती सालीसकट करपलेली, मीठ-लिंबू लावून खाताना मला फार आनंद झाला.

मग घाई कुणालाच नव्हती. चर्चच्या आवारात लोक जळक्या दुधाचं आणि लाल निवडुंगाच्या फळाचं बर्फ एकाच पेल्यात घेऊन बसले होते, आम्हीही बसलो. निघताना आत कोको आणि मनुका भरलेला इथला पाव घेतला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यात घुसळलेल्या गरम चॉकलेटमध्ये बुडवून खायचा असतो.