धावफलकाकडे पाठ

क्रिकेटच्या सामन्यास गेलो असता आम्ही बहुधा धावफलकाच्या पायथ्याशी जागा धरतो. तेथे सावली असते हे एक कारण; आणि तेथून फलक दिसत नाही, हे दुसरे. कोणाची सरासरी किती आणि कोणाचे हे कितवे शतक, हे आम्हांस आजवर सांगता आलेले नाही. पुष्कळदा कोणता पक्ष जिंकत आहे हेही शेजाऱ्यास विचारावे लागते. तरीही जळगावच्या शिवतीर्थ मैदानावर मुले खेळताना दिसली की भाजीची पिशवी हाती धरून आम्ही अर्धा अर्धा तास उभे राहतो, आणि मेथी सुकल्याबद्दल घरी दोन शब्द ऐकून घेतो.

आमचे वडील बंधू याच्या अगदी उलट. अण्णा धुळ्यास असतात. सारा जन्म हिशेबाच्या कामात गेला. रेडिओवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन चाले, तेव्हा अण्णा पाठकोऱ्या कागदांच्या शिवलेल्या वहीत एकेक चेंडू टिपून घेत. आमच्यासारखा प्रेक्षक म्हणजे कीर्तनास प्रसादापुरता जाणारा मनुष्य, असे त्यांचे मत. "अरे, तुला खेळ आवडतो की मैदानावरची हवा?" असे ते विचारीत, आणि आम्हांस खरे उत्तर देण्याची लाज वाटे.

हे वेड एकट्या अण्णांचे नव्हे. अमेरिकेतील बेसबॉलचे शौकीन तर आकड्यांतच रमतात असे म्हणतात. त्या खेळाचे कोष्टक रचणारा हेन्री चॅडविक जन्माने इंग्रज, आणि आधी क्रिकेटचे वृत्तान्त लिहिणारा. तेव्हा ही साथ क्रिकेटच्याच घरून तिकडे गेली म्हणावयाची!

आम्हां बंधूंचा वाद नेहमी निंबाळकरांपाशी येऊन थांबे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावा झाल्या होत्या, आणि ते नाबाद होते. ब्रॅडमनचा १९३० सालचा ४५२ धावांचा विक्रम मोडण्यास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. तोच विश्रांतीच्या वेळी काठेवाडने सामना सोडून दिला. त्या दहा धावांची हळहळ अण्णांस स्वतःचे घर बुडाल्यासारखी वाटे. आम्ही म्हणत असू, "अण्णा, भांडारकरांबरोबर ४५५ धावांची भागी रचताना ते दोघे मधल्या वेळी काय बोलत, आठ तासांनंतर त्यांचे मनगट कसे वळत होते, हे तुमच्या वहीत आहे का?" अण्णा शांतपणे म्हणत, "नाही. पण तो आकडा नसता तर निंबाळकर हे नाव तरी तुला ठाऊक असते का?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. निंबाळकरांना कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाही. २०१२ साली ते निवर्तले. ज्यांनी त्यांचा एकही फटका पाहिला नाही, त्यांच्यापर्यंत त्या आकड्यानेच त्यांना पोहोचविले.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने अण्णांची दृष्टी गेली. वह्या फडताळात गेल्या. आता महिन्यातून एकदा आम्ही एस्‌. टी.ने एरंडोल, पारोळा करीत धुळ्यास जातो आणि त्यांचा हात धरून मैदानावर नेऊन बसवितो. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "किती झाल्या?" आम्हांस अर्थातच ठाऊक नव्हते. अण्णा चिडतील असे वाटले, पण थोडे थांबून ते म्हणाले, "बरे, मग तुला दिसते काय, ते तरी सांग."

आम्ही सांगू लागलो. एक डावखुरा पोरगा प्रत्येक चेंडूपूर्वी उजवी बाही कोपरापर्यंत वर सारतो. गोलंदाज निंबाच्या झाडापासून धावत येतो, पण चेंडू टाकतो अगदी हळू. यष्टिरक्षक अनवाणी आहे. इतक्यात चेंडू भेळेच्या गाडीखाली गेला, आणि गाडीवाल्यानेच "हाण रे भो!" म्हणून तो परत फेकला. अण्णा मान एका बाजूस कलवून ऐकत होते. आम्ही उठून वही घेऊन बसलेल्या मुलाकडे गेलो आणि आयुष्यात प्रथमच आपण होऊन धावसंख्या विचारून आलो.

"सहा षटकांत बेचाळीस," आम्ही सांगितले.

"म्हणजे षटकास सात," अण्णा म्हणाले. "आता तो डावखुरा पुन्हा बाही वर सारतो का, पाहा."